जुनी बीएमडब्ल्यू ३२०आय (ई९०) घेऊ की मर्सिडीज सी१८० कॉम्प्रेसर (डब्ल्यू२०४)? पेट्रोल, बजेट ६ हजार युरो

एस्लिंगनकर:
नमस्कार मंडळी, स्टुटगार्टजवळ राहतो, घरात आम्ही दोघं आणि आठ महिन्यांची मुलगी. इतके दिवस एस-बानवर भागलं पण आता प्रॅम, बॅगा, डॉक्टरच्या फेऱ्या, सगळं ट्रेनने नको होतंय. जर्मन लायसन्स मिळालंय. डिझेल बघतच नाहीये, शहरात युरो ४ (धुराच्या प्रदूषणाचं जुनं मानक) डिझेलला २०१९ पासून बंदी आहे आणि पुढे युरो ५ वरही आली.
दोन गाड्या आवडल्यात. एक ३२०आय, २००९ ची, १७० पीएस (अश्वशक्ती), मॅन्युअल, १ लाख ६० हजार किमी, मालक स्वतः विकतोय. दुसरी सी१८० कॉम्प्रेसर, २००८ ची, १५६ पीएस, ऑटोमॅटिक, १ लाख ३५ हजार, डीलरकडे आहे. मन बीएमडब्ल्यूकडे ओढतंय, बायको म्हणते मर्सिडीज. दोन्हीतलं इंजिन कोणतं जास्त टिकेल ते सांगा प्लीज, खर्चाचा मोठा फटका आत्ता परवडणार नाही.

म्युनिकचा_गाडीवेडा:
दादा, २००९ ची १७० पीएसवाली म्हणजे एन४३ इंजिन. चालवायला एकदम मस्त, स्टीअरिंग तर असं की आजच्या गाड्यांत मिळत नाही, आणि हायवेवर पेट्रोलही कमी पिते कारण हे लीन बर्न डायरेक्ट इंजेक्शन आहे, म्हणजे जास्त हवेत कमी पेट्रोल, तेही थेट सिलिंडरमध्ये. पण गोम तिथेच आहे. पिएझो इंजेक्टर जातात, एक्झॉस्टमधला नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) सेन्सर जातो, इग्निशन कॉइल जातात, मग आयडलला इंजिन थरथरतं आणि इंजिन लाइट लागते. चारही इंजेक्टर बदलायचे म्हटलं तर हजार युरोच्या वर सहज जातात, शिवाय नवे इंजेक्टर गाडीला कोड करावे लागतात. मालकाला सरळ विचार, इंजेक्टर आणि नॉक्स सेन्सर कधी बदलले, बिल दाखव. बिल असेल तर हीच गाडी बिनधास्त बघ, नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी कर नाहीतर सोडून दे.

राइनकाठची:
मी गेली काही वर्षं सी१८० कॉम्प्रेसरच चालवतेय आणि लहान मूल असलेल्या घराला मी हीच सुचवेन. सीट्स आरामशीर, लांबच्या प्रवासात कंटाळा येत नाही, डिकी ४७५ लिटर, प्रॅम आडवी बसते.
पण तिच्या एम२७१ इंजिनची टायमिंग चेन हा खरा प्रश्न आहे, चेन लांबते आणि कॅमशाफ्ट अ‍ॅडजस्टरचे दात झिजतात. म्हणून जाताना डीलरला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून बघा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगा आणि परत जा. गार इंजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली की चेनचं काम जवळ आलंय असं धरा. दुसरं, किल्ली घातल्यावर स्टीअरिंग लॉक उघडल्याचा बारीक मोटरचा आवाज येतो, तो दोन-चार वेळा ऐका. ती मोटर गेली की किल्ली फिरतच नाही, गाडी जागेवर उभी. तिसरं म्हणजे मागचा सबफ्रेम, इथल्या रस्त्यावरच्या मिठाने आतून गंजतो आणि वरून पटकन दिसत नाही. लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका, नवीन टूफ (गाडीची सक्तीची तांत्रिक तपासणी) असला तरी.

बावधन_ते_बर्लिन:
मी राइनकाठच्या ताईंशी सहमत, पण बीएमडब्ल्यूच हवी असेल तर २००७ पर्यंतची ३२५आय शोध ना. २.५ लिटर सहा सिलिंडर, एन५२ इंजिन, २१८ पीएस, साधं पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच सोडणारं), त्यामुळे एन४३ ची इंजेक्टरची कटकटच नाही. पेट्रोल जास्त लागेल, इन्शुरन्सही बघून घे, नवीन लायसन्सवाल्याला एसएफ क्लास (अपघाताविना गेलेल्या वर्षांवरची सवलत) शून्यापासून सुरू होतो आणि हप्ता बघून धडकी भरते. कोटेशन काढल्याशिवाय कुठल्याच गाडीला हो म्हणू नकोस. आणि १५० पीएसची जुनी ३२०आय स्वस्तात दिसली तरी जपून, त्या एन४६ ला व्हॉल्व्ह सील झिजल्यावर ऑइल प्यायची सवय असते.

एस्लिंगनकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. ३२०आयच्या मालकाला फोन केला, इंजेक्टरचं बिल नाही म्हणाला आणि किंमतही कमी करत नाहीये, म्हणून ती सोडली. मर्सिडीज शनिवारी सकाळी बघायला जातोय, डीलर लिफ्टवर घ्यायला तयार आहे. पण तो म्हणतो करारावर ‘इम कुंडेनआउफट्राग’ असं लिहिणार. चालेल का?

म्युनिकचा_गाडीवेडा:
इथेच थांब. त्याचा अर्थ तो दुसऱ्याच्या वतीने विकतोय, म्हणजे कागदोपत्री विकणारा खाजगी माणूस, आणि डीलरवर जुन्या गाडीतल्या दोषांची निदान १२ महिन्यांची जी जबाबदारी असते ती तो टाळतोय. एवढे पैसे डीलरला द्यायचे ते त्या जबाबदारीसाठीच. त्याच्या स्वतःच्या नावावर करार करतो का विचार, नसेल तर प्रायव्हेट गाडीच्या भावात दे म्हण.

राइनकाठची:
आणि गाडीच्या नोंदणीच्या कागदाचे (शाइन) दोन्ही भाग, सर्व्हिसचं शेकहेफ्ट (नोंदवही) आणि दोन्ही किल्ल्या हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. डब्ल्यू२०४ ची किल्ली गाडीला कोड केलेली असते, दुसरी नसेल तर ती सहसा मर्सिडीजकडून मागवावी लागते, तो खर्च आधीच किमतीतून वजा करा.