‘कृत्रिम अवयव’ इथे चालेल का? (तिसरा अंगठा)

निळी_शाई
एका प्रदर्शनाच्या फलकांचं मराठी चाललंय. डॅनी क्लोड यांचा ‘तिसरा अंगठा’, रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, लंडन, २०१७. मूळ मजकुरात ‘प्रोस्थेसिस’ आहे, मी ‘कृत्रिम अवयव’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी त्याखाली लाल रेघ मारली: घालणाऱ्याची पाचही बोटं शाबूत, अंगठा करंगळीच्या बाजूला तळहाताच्या कडेवर बसतो, मग कोणत्या अवयवाच्या जागी? मुद्दा बरोबर आहे. पण दुसरा शब्द सुचत नाही.

मोडीवाचक
ग्रीकात प्रोस्थेसिस म्हणजे भर घालणे, जोडणे. वैद्यकात शिरण्याआधी तो व्याकरणातला शब्द होता: शब्दाच्या सुरुवातीला ध्वनी चिकटणं. ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ होतं, तो ‘इ’ म्हणजे प्रोस्थेसिस. आपल्या वैयाकरणांकडे तर जोडीच तयार आहे: मित्रवदागमः, शत्रुवदादेशः. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो, आदेश शत्रूसारखा आधीच्याला उठवून त्याच्या जागी बसतो. जयपूर फूट हा आदेश, हा अंगठा आगम. ‘आगमांग’ लिहा.

टिचकी
आगमांग वाचून लोक गणपतीच्या आगमनाची वेळ विचारतील. साधं ‘जोडअंगठा’ का नको? जोडधंदा म्हणजे मूळ धंदा ठेवून वर केलेला. अर्थ चपखल.

मोडीवाचक
जोडकेळं म्हणजे काय हो? एकमेकांना चिकटलेली दोन केळी. जोडअंगठा ऐकून डोळ्यापुढे तेच येतं.

घासकाम
शब्दाआधी वस्तू बघा. थ्रीडी प्रिंटरवर छापलेला लवचीक अंगठा. त्याला ओढणाऱ्या दोन मोटरी मनगटाशी. मधली तार सायकलच्या ब्रेकसारखी, नळीतून जाणारी. हुकूम देतात पायाचे अंगठे: दोन्हींखाली दाब मोजणारे सेन्सर, तिथून मनगटापर्यंत वायरलेस. उजवा दाबला की अंगठा तळहातावरून आडवा येतो, डावा दाबला की बोटांकडे वर. जेवढा दाब तेवढी हालचाल, म्हणजे हे चालू-बंदचं बटण नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या २०२२च्या उन्हाळी प्रदर्शनात ५९६ जणांनी तो लावून पाहिला, वयं ३ ते ९६. पहिल्या मिनिटातच ९८ टक्क्यांना त्याने वस्तू हलवता आल्या. एवढं सांगितल्यावर ‘कृत्रिम’ने काय कळतं? फुलंही कृत्रिम असतात, हसूही.

टिचकी
म्हणजे सहावं बोटच. पण ‘सहावं बोट’ लिहिलं तर जन्मजात वाटेल. आणि अंगठाबहाद्दर म्हणायची तर सोयच नाही, हा पायाचे अंगठे उठवून चालवायचा.

निळी_शाई
‘कृत्रिम’चा घोळ दुसऱ्या फलकावरही आहे. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेल्या धावपटू एमी मलिन्स यांनी १९९८मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या फॅशन शोमध्ये घातलेले पाय, अ‍ॅशच्या भरीव लाकडात वेलबुट्टी कोरलेले. बघणाऱ्यांना ते बूट वाटले होते. ‘लाकडी पाय’ लिहिलं की समुद्री चाचा डोळ्यापुढे येतो. आणि तिसऱ्या फलकावर जयपूर फूटची घडण आहे, त्यात सॉकेटला मी ‘खोबणी’ म्हटलंय. चालेल ना?

घासकाम
नाही. खोबणी म्हणजे सुतारकामात फळी सरकवायची चर, नाहीतर डोळ्याची. सॉकेट ही पायाचा उरलेला भाग आत घ्यायची बादली असते. गुडघ्याखालच्या पायासाठी आधी भिजवलेले प्लास्टरचे पट्टे गुंडाळून ठसा घेतात. तो काढून आत प्लास्टर ओतलं की उरलेल्या पायाची भरीव प्रत मिळते. खरी कारागिरी या प्रतीवर. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा भार सोसतो, म्हणून तिथलं प्लास्टर खरवडून खोल करायचं. नडगीची धार आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचं हाडाचं गोल टोक भार सोसत नाहीत, तिथे उलट प्लास्टर चढवायचं. मग एचडीपीई या टणक प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून प्रतीवर ओढायचा आणि आतली हवा खेचून घ्यायची. खरवडणं आणि चढवणं यांत अदलाबदल झाली तर पहिल्याच आठवड्यात जखम. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही महिने सूज उतरत राहते, सॉकेट सैल पडतं, पाय आत वरखाली होऊन कातडी सोलते. तेव्हा मोजे वाढवतात, मोज्यांनी भागेना की नवं सॉकेट.
आणि या पायाला ‘लाकडी’ तर मुळीच लिहू नका. टाचेत आणि चवड्यात स्पंजासारखं रबर, फक्त घोट्यात लाकूड, वरून टायरचा दोरा आणि रबर गुंडाळून साच्यात भाजलेलं. म्हणून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं.

मोडीवाचक
मग ‘उखळ’ म्हणा. शाळेच्या पुस्तकात खांद्याला उखळीचा सांधा म्हणतातच.

घासकाम
उखळीत गोळा फिरतो. सॉकेटमध्ये पाय फिरला तर संध्याकाळपर्यंत फोड. लोक ‘सॉकेट’ म्हणतात, तेच लिहा.

निळी_शाई
आणि ‘स्टंप’? मला ‘थोटूक’ सुचलं होतं.

टिचकी
थोटूक विडीचं असतं, शाईताई. माणसाला लावू नका, ‘थोटा’ ही शिवी आहे. ‘उरलेला पाय’ पुरे. अंगठ्याचं मात्र राहिलंच.

मोडीवाचक
आदेशाला शब्द ऋग्वेदातच सापडतो. पहिलं मंडल, सूक्त ११६, ऋचा १५: युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनांनी धावण्यासाठी ‘जङ्घाम् आयसीम्’, म्हणजे धातूची जंघा, बसवली. क्रियापद ‘प्रत्यधत्तम्’. त्यावरून प्रतिधान. तुटल्या जागी बसवलेलं ते प्रतिधान, भर घातलेलं ते आगमांग.

टिचकी
विश्पला ही शर्यतीतली घोडी होती असंही काही अभ्यासक म्हणतात. मग तुमचं प्रतिधान खुराला.

मोडीवाचक
घोडी असली म्हणून व्याकरण बदलत नाही. आणि ‘आयस’ म्हणजे तिथे लोखंडच असेल असंही नाही, तांब्याचाही अर्थ लावतात.

घासकाम
तांब्याची जंघा वाकेल. त्यापेक्षा पाइप बरा.