भागीदारी, सहभाग आणि बटई

परवा नागपूरच्या सीताबर्डीत एका फलकावर वाचलं, 'स्वच्छतेत आपली भागीदारी नोंदवा.' सोबत भाची होती. ती म्हणाली, "मामा, भागीदारी तर दुकानात असते ना?"

तिला खटकलं ते रास्तच. हिंदीत भाग घेण्यालाही 'भागीदारी' म्हणतात, आणि नागपुरात हिंदी कानावर सतत असते, त्यामुळं तो अर्थ मराठीत सहज शिरतो. मराठीत त्यासाठी 'सहभाग' आहे. भागीदारी म्हटलं की नफातोटा आला. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या व्याख्येतही धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार हाच गाभा आहे.

शब्द अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. 'भाग' आला 'भज्' धातूवरून. वाटून देणं, वाट्याला घेणं हा त्याचा मूळ अर्थ. त्याच धातूचं 'भक्त', म्हणजे वाट्याला आलेलं अन्न. प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं आणि आपल्या ताटात 'भात'. मला हे नातं फार आवडतं. 'दार' म्हणजे बाळगणारा, जसा जमीनदार, तसा भागीदार.

आमच्या काटोलकडच्या गावात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही. तिथं "वावर बटईनं देल्लं" म्हणतात. वावर, म्हणजे शेत, एकाचं, मेहनत दुसऱ्याची. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, मालही निम्मा. तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, खळ्यावरच मोजायचे, एक इकडं, एक तिकडं. शेवटचा एकटा उरला तर तो कट्टा उघडून पायलीच्या मापानं वाटायचा. 'बटई' हिंदी 'बाँटना'वरून आली. आपलं 'वाटणं' आणि ते 'बाँटना' दोन्ही संस्कृत 'वण्ट्'चीच लेकरं, म्हणून बटई आणि वाटा या शब्दांना मी सख्ख्या बहिणी मानतो.

राजकीय पक्षांच्या मैत्रीला आपण भागीदारी म्हणत नाही, तिथं 'युती' किंवा 'आघाडी'. आघाडी म्हणजे फौजेची पुढची फळी, पिछाडीच्या उलट. युती पंचांगातली, मूळ 'यु', जोडणं. २१ डिसेंबर २०२० ला गुरू-शनीची युती झाली तेव्हा दोन्ही ग्रह जवळजवळ चिकटलेले दिसत होते, प्रत्यक्षात मधलं अंतर सत्तर कोटी किलोमीटरांहून जास्त.

त्या फलकावर 'स्वच्छतेत सहभागी व्हा' एवढं पुरलं असतं. आता मला सांगा, तुमच्याकडं बटईला काय म्हणतात? पुण्याकडचे एक स्नेही 'निम्म्या वाट्यानं' म्हणतात. कोकणात, खानदेशात कोणता शब्द आहे?