धूर आणि ३१वा आठवडा: घरात राहा म्हणाले, पण घरात नेमकं काय करायचं?

चाफा:
नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असतो, मला गरोदरपणाचा ३१वा आठवडा चालू आहे. जंगलाची आग वर डोंगरात आहे, आमच्यापासून बरीच लांब, पण चार दिवस झाले धूर इथे खाली उतरलाय, सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवलं तर करडी रेघ उमटते आणि सूर्य भर दुपारी तांबडा दिसतो. काल एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, १७८ होता. ओबीच्या (बाळंतपणाच्या डॉक्टरच्या) ऑफिसला फोन केला तर नर्स म्हणाली घरात राहा, खिडक्या बंद ठेवा, दम लागला तर कळवा. तेवढंच. त्यांच्याकडे फोनची रांग असणार, समजू शकते, पण मला झोप लागत नाहीये. पहिले दोन दिवस मला कळलंच नाही, नेहमीसारखी संध्याकाळी चालायला गेले, त्याने बाळाला काही झालं असेल का? आई पुण्याहून आलीये, ती म्हणते आमच्या आज्या चुलीच्या धुरातच बाळंत झाल्या ना. आणि शनिवारी डोहाळजेवण आहे, पार्कमध्ये, ३५ माणसं. काय करू?

रातपाळी:
चाफा, मी फ्रेझ्नोला लेबर अँड डिलिव्हरीत, म्हणजे बाळंतपणाच्या विभागात, नर्स आहे. आधी तुझ्या झोपेचं बोलते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातले २००७ ते २०१२ मधले ३० लाखांहून जास्त जन्म तपासले, त्यात धुराच्या एकेका दिवसामागे बाळ ३७ आठवड्यांच्या आत येण्याचा धोका साधारण अर्धा टक्का वाढलेला दिसला. पण नीट वाच, शंभरातल्या अर्ध्या बाईला असं नाही, मुळात जेवढा धोका असतो त्याच्या अर्धा टक्का. म्हणजे दोन संध्याकाळच्या चालण्याने तू बाळाचं नुकसान केलंस असं मनात धरू नकोस. अख्ख्या राज्याचा हिशोब केला की आकडा मोठा होतो, आणि धूर दिवसेंदिवस राहतो म्हणून काळजी घ्यायची.

गरोदरपणात आपण एरवीपेक्षा जास्त हवा आत घेतो, दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त, म्हणून एक्यूआय १०० च्या वर गेला की गरोदर बायकांना वेगळं सांगितलं जातं. धुरातले पीएम २.५ नावाचे बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात, फुप्फुसात खोल जातात. वासावर जाऊ नकोस, वास गेला तरी कण असतात. एअरनाऊ या सरकारी वेबसाइटवरचा आगीचा आणि धुराचा नकाशा उघड, घराजवळचा सेन्सर बघ. बाहेर जावंच लागलं, चेकअपला वगैरे, तर एन-९५, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क याला चालत नाही. गाडीत एसी आतल्या हवेवर ठेव. आणि धुरामुळे अपॉइंटमेंट चुकवू नकोस.

वाट न बघता फोन कधी करायचा: छातीत आवळल्यासारखं झालं, पोट ठरावीक वेळाने कडक व्हायला लागलं, पाणी किंवा रक्त गेलं, किंवा बाळ नेहमीपेक्षा शांत वाटलं. डाव्या कुशीवर पडून मोज, दोन तासांत १० हालचाली नाही झाल्या तर रात्रीचे तीन वाजले असले तरी फोन कर, आम्ही त्यासाठीच जागे असतो. दमा असेल तर इन्हेलर आपल्या मनाने बंद करू नकोस.

जास्वंद:
२०२० च्या सप्टेंबरमध्ये मी सातव्या महिन्यात होते, फ्रीमाँटला. ९ तारखेला सकाळ झालीच नाही, आकाश नारिंगी, दहा वाजता घरात दिवे. आम्ही अख्ख्या घराचा नाद सोडला आणि बेडरूम तेवढी धरली. दाराखाली ओला टॉवेल, २० इंची बॉक्स फॅन, त्याच्या मागे टेपने लावलेला मर्व्ह १३ चा (बारीक कण अडवणारा) फिल्टर, बाण फॅनच्या दिशेने. फॅन नवा घ्या, जुने गरम होतात. आठवड्यात पांढरा फिल्टर चहाच्या गाळणीसारखा काळपट झाला, तो बघून मला रडूच आलं, हे सगळं माझ्या आत गेलं असतं. हवा शुद्ध करतं म्हणून विकतात ते ओझोन सोडणारं मशीन मात्र आणू नका.
आणि स्वयंपाक! बंद घरात पुऱ्या तळल्या की कणांचा आकडा बाहेरच्याएवढा चढतो, मीटर लावून बघितलंय. कुकर, इडली, भाकरीऐवजी भात. उदबत्ती, धूप, निरांजन काही दिवस नको, देव समजून घेतो.

सुमनताई:
चाफा, आईला माझ्यातर्फे सांग. मी नाशिकजवळच्या खेड्यात आरोग्यसेविका होते. चुलीच्या धुराने बाळं कमी वजनाची होतात हे आम्ही घरोघर सांगत फिरायचो. आज्या बाळंत झाल्या खऱ्या, पण किती बाळं हाताशी आली नाहीत तेही त्यांच्याच तोंडून ऐकलंय मी. बाळ आल्यावर ओव्याची धुरी द्यायची म्हणतील, तिलाही नाहीच म्हण. तेलमालिश, ऊबदार दुपटं, बास.

चाफा:
तिघींचेही मनापासून आभार, काल रात्री कुशीवर पडून मोजलं, चाळीस मिनिटांत दहा झाल्या आणि मग झोपले. सुमनताईंचं आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती, मग उठून उदबत्तीचा पुडा कपाटात ठेवून आली. डोहाळजेवण घरातच, आठ जणी, बाकीचे व्हिडिओवर. फॅन मिळालाय पण २० बाय २० चे मर्व्ह १३ सगळीकडे संपलेत, फॉल्सम-रोझव्हिल बाजूला कोणाकडे एखादा शिल्लक असेल तर कळवा, नवरा येऊन घेऊन जाईल.