घराजवळच्या पायवाटा आणि लांब पळणं: तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना जुने ट्रेल शूज सापडले, तळाच्या खाचांमधली माती वाळून तशीच राहिलेली. हातात घेतले आणि तळ्याकाठची ती वाट डोळ्यासमोर आली. हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती तेव्हा, रविवारचे 16 किमी परत डांबरी रस्त्यावर करायचा कंटाळा आला म्हणून सहज आत वळले होते. पहिले दोन किमी नुसती घड्याळाकडे बघत होते, किलोमीटरमागे दीड मिनिट जास्त लागत होतं, चिडचिड झाली. मग झाडी संपली, पाणी दिसलं, धुकं होतं आणि एक खंड्या सूर मारून चोचीत मासा घेऊन वर आला. मी थांबले. लाँग रनमध्ये मी कधीच थांबत नसे! त्या दिवसापासून रविवारची वाट बघायला लागले. बाळंतपणानंतर जाणं झालंच नाही, आता परत सुरू करायचंय. तुम्ही कुठल्या वाटांवर पळता, काय काय दिसतं, लिहा ना.

---

खंड्या!! भाग्यवान आहात. आमच्या वाटेवर टिटव्या, त्या जमिनीवरच अंडी घालतात, जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालून ओरडतात. तेवढा तुकडा मी लांबून आणि चालत जातो.

---

घड्याळ बघू नका हो ट्रेलवर. दाट झाडीत जीपीएस तसाही गडबडतो. आणि चढ आला की बिनधास्त चालायचं, यूटीएमबीला (आल्प्समधली माँ ब्लाँ पर्वताभोवतीची मोठी डोंगरी शर्यत) साधारण 170 किमीत 10,000 मीटर चढ असतो, तिथे पुढचे लोकसुद्धा खड्या चढावर चालतात. श्वास बघा, बोलता येतंय ना, मग बरोबर चाललंय.

---

+1. पण उतार जपून, खरं दुखणं उतारावर आहे. मांडीचे स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतात म्हणून दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, माझं पहिल्या डोंगरी 18 किमीनंतर तसंच झालं होतं. पावलं छोटी आणि नजर पायाशी नाही, तीन चार मीटर पुढे. दोन तीन वेळा केलं की पाय शिकतात, दुखणं खूपच कमी होतं.

---

त्या झाडापर्यंत जोरात, मग ओढ्यापर्यंत निवांत, असं मी करतो. याला फार्टलेक म्हणतात हे नंतर कळलं, स्वीडिश शब्द आहे, वेगाचा खेळ. गोस्टा होल्मेर नावाच्या कोचने 1930 च्या दशकात आणलं.

---

मला वाटेपेक्षा बाबाच आठवतात. मॅरेथॉनच्या आधीचा 30 किमीचा रन, कालव्याकडेची कच्ची वाट, बाबा सायकलवर पाणी घेऊन मागे. वाट अरुंद झाली की सायकल खांद्यावर घ्यायचे. साडेतीन तास लागले मला, एकदाही पुरे म्हणाले नाहीत. शेवटचे चार किमी मी बोलूच शकत नव्हते तर तेच बोलत होते, झाडांची नावं सांगत. आता एकटी जाते, घरी लाइव्ह लोकेशन देऊन, इयरफोन न लावता. ती झाडं अजून नावानिशी ओळखते.

---

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. बाबांना नमस्कार सांगा.

---

सांगते 🙏 आता सायकल सोडलीय त्यांनी, पण परत आले की किती किमी झाले ते आधी विचारतात.

---

धागाकर्त्या ताई, ते जुने शूज लगेच लांब रनला घालू नका. नुसते पडून राहिले तरी मधला फोम कडक होतो आणि तळ सुटतो. आणि बाळंतपणानंतर आधी डॉक्टरांना विचारा, मग चालणं, मग मधूनमधून पळणं, सपाट वाटेवर. माझ्या बायकोने असंच केलं, घाई केली नाही.

---

बाळ उठलं, एका हाताने टाइप करतेय. सगळ्यांना खूप थँक्यू. तळ एका बाजूने सुटलाच आहे, अंगठा घालून बघितलं, नवीन घेईन. माती मात्र काढवत नाहीये.

टिटवीवाले दादा, पिल्लं कधी दिसतात हो?