शब्दचर्चा : ‘बरें जालें देवा’ मधील ‘बरें’

प्रश्न : तुकाराम महाराजांच्या ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ या अभंगात ‘बरें’ म्हणजे ‘चांगले’ असाच अर्थ घ्यायचा का? दुसऱ्या एका अभंगात तर ‘पोर मेलें बरें जालें’ असे शब्द आहेत, आणि तिथे हा अर्थ मनाला पटत नाही.

उत्तर : तो पटू नयेच. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात महाराजांचा व्यापार बुडाला, गुरेढोरे गेली, आणि ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांनी स्वतःच एका वेगळ्या, आत्मकथनाच्या अभंगात सांगितले आहे. त्याच्या लगेच पुढे ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’ असे येते. ज्याला ही लाज आणि हा त्रास झाला, तो भुकेने झालेल्या मरणाला चांगले म्हणेल, हे संभवत नाही.

‘चांगले’ म्हणणे हा घडलेल्या गोष्टीविषयीचा निवाडा असतो. ‘बरे’ हा शब्द मात्र मराठीत दुखण्याच्या जवळ नांदतो. तापलेले पोर बरे होते, जखम बरी होते, पण म्हणून जखम होणे चांगले होते असा अर्थ कोणी काढत नाही. शिवाय ‘तुझ्या बऱ्यासाठीच सांगतो’ या वाक्यातला ‘बरे’ म्हणजे हित, आणि माझ्या मते अभंगातली छटा याच्या सर्वांत जवळची आहे. जे घडले ते वाईटच होते, परंतु देवाने ते माझ्या हिताकडे वळवले.

हे वळण कसे आले, ते ‘बरें जालें देवा’चाच पुढचा चरण सांगतो : ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन’. आजच्या वाचकाला ‘चिंतन राहिले’ म्हणजे करायचे राहून गेले असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो की इथे ‘राहिलें’ म्हणजे टिकले, स्थिरावले. शिवाय ते नुसते चिंतन नव्हते. ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें’ असे ते त्याच आत्मकथनात सांगतात. सगळे बुडाल्यावर त्यांना करावेसे वाटले ते मोडक्या देवळाचे काम.

प्रश्न : मग दुःखात असलेल्या माणसाचे सांत्वन करताना हा शब्द वापरावा का?

उत्तर : माझे मत स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. माझी मावशी सहा वर्षे अंथरुणाला खिळून होती. ती गेली त्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी ‘बरे झाले, सुटली’ असे म्हटले, तेव्हा तिच्या उशाची गोधडी घडी घालत असलेली माझी मावसबहीण तशीच थांबली आणि गोधडी छातीशी धरून आतल्या खोलीत निघून गेली. पुढे कितीतरी महिन्यांनी, एका एकादशीला विठ्ठलासमोर दिवा लावताना, ती आपणहून म्हणाली, ‘बरे झाले देवा, तिची सेवा माझ्या हातून करून घेतलीस.’ शब्द तेच होते, पण या वेळी ते जिचे दुःख होते तिने, आणि देवाला उद्देशून उच्चारले होते. अभंगातही ‘बरें जालें’च्या शेजारी ‘देवा’ हे संबोधन आहे, आणि अर्थ लिहिताना ते गाळू नये. ‘देवा, हे माझ्या बऱ्यासाठी झाले’ असा अर्थ द्यावा. त्यातल्या ‘माझ्या’च्या जागी ‘तुझ्या’ घातले की वाक्य दुसऱ्याच कोणाचे तरी होते.