लढाऊ कोण, विमान की वैमानिक?

तळटीप:
एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत आणतेय. राजघराण्यातल्या मंडळींनी लढाईसाठी उड्डाणाचं शिक्षण घ्यावं का, आणि घेतलं तर खरोखरच्या मोहिमेवर जावं का, असा विषय आहे. लेखात ब्रिटनचे अँड्र्यू आणि हॅरी आहेत, सौदीचा खालिद बिन सलमान आहे, जॉर्डनचा राजा अब्दुल्ला आहे. मी शीर्षक दिलं, ‘लढाऊ वैमानिक राजपुत्र’. संपादकांनी पहिल्या दोन शब्दांवर लाल रेघ मारली. त्यांचं म्हणणं, लढाऊ असतं ते विमान, माणूस नुसता वैमानिक. शिवाय यातले बरेच जण हेलिकॉप्टरवाले, आणि हेलिकॉप्टर म्हणजे काही विमान नव्हे. त्यांनी सुचवलंय ‘युद्धवैमानिक युवराज’. ते वाचून मला संगीत नाटकातलं पात्र डोळ्यांसमोर येतं. दुसरा शब्द सुचतोय का कुणाला? जरा घाई आहे.

शब्दखोड:
संपादकांना सांगा, ‘शिकाऊ वैमानिक’ चालतो ना? शिकाऊ म्हणजे शिकणारा, तसा लढाऊ म्हणजे लढणारा. ‘शिकाऊ’ हे विमानाचं विशेषण आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. ‘लढाऊ वैमानिक’ तीस वर्षं पेपरात वाचतोय. रूढ झाला, विषय संपला.

पागेदार:
विषय इतक्यात कसा संपेल? ‘ऊ’ लागला की अर्थ एकच निघतो असं नाही. टिकाऊ म्हणजे टिकणारं, पण विकाऊ म्हणजे विकणारा नव्हे, विकायला काढलेलं. खाऊ तर खाल्ला जातो. आणि उडाऊ? राजघराण्यातला उडाऊ पोरगा म्हटलं की कुणाला विमान आठवेल का? ‘लढाऊ’ हा बाण्याचा शब्द आहे. लढाऊ कार्यकर्ता, लढाऊ संघटना. ‘लढाऊ वैमानिक’ म्हणजे पगारवाढीसाठी उपोषणाला बसलेला वैमानिक.

तळटीप:
‘उडाऊ राजपुत्र’ शीर्षक म्हणून फार मोहात पाडतंय, पण नको.

वास्कोकर:
नौदलात होतो, बरीच वर्षं दाबोळीला. तिथं भाषेचा प्रश्न कधी आलाच नाही. सी हॅरियर विमानं उडवणारे ते ‘फायटर’, हेलिकॉप्टरवाले ते ‘हेलोवाले’. हेलोवाल्याला कुणी फायटर म्हणत नसे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

तुमच्या लेखातला अँड्र्यू हेलोवालाच. ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या १९८२ च्या फॉकलंड युद्धात तो इन्व्हिन्सिबल जहाजावर सी किंग हेलिकॉप्टर उडवत होता. पाणबुड्या शोधणं, जखमींना आणणं, समुद्रात पडलेल्यांना उचलणं ही त्याची कामं. आणि आणखी एक, जे ऐकून अंगावर काटा येतो. अर्जेंटिनाची एक्झोसेट क्षेपणास्त्रं लाटांना जवळजवळ घासत येत आणि रडारवर जे मोठं दिसेल त्याचा माग काढत. तेव्हा सी किंगनं जहाजाच्या आसपास एका जागी तरंगत राहायचं, आपणच जहाज असल्याचा भास करून द्यायचा, आणि क्षेपणास्त्र जवळ आलं की झटक्यात वर उठायचं, म्हणजे ते खालून निघून जाईल. निदान कागदावर तरी. २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजाला एक्झोसेट लागलं, ते त्यानं हवेतून पाहिलं.

आता सांगा, या माणसानं शत्रूवर एक गोळीही झाडलेली नाही. याला ‘लढाऊ’ म्हणायचं का? माझ्या मते ‘लढाईवर गेलेला’ म्हणावं.

मोडीवाचक:
काका, या कामाला मराठीत चोख शब्द आहे. हूल. हूल देणे, हुलकावणी देणे. अनुवादक मंडळी इथं ‘आमिष’ लिहून मोकळी होतात. आमिष म्हणजे मांस, गळाला लावायचं. त्याला गिळलं जायचं असतं, हुलीला निसटायचं असतं. सी किंग हूल देत होतं.

वास्कोकर:
‘हूल’ आवडला. आम्हाला नोकरीत कुणी शिकवला असता तर बरं झालं असतं.

उंबरठा:
‘युवराज’वर कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. आपल्या वर्तमानपत्रांना इंग्लंडच्या राजवाड्यातलं प्रत्येक पोरगं युवराज वाटतं. युवराज एकच असतो, गादीचा वारस. १९८२ मध्ये तो चार्ल्स होता. अँड्र्यू क्रमांक दोनवर होता, कारण विल्यमचा जन्म २१ जूनचा आणि लढाई १४ जूनला संपलेली. म्हणजे युद्धभर तो सिंहासनापासून दोन पायऱ्यांवर होता, तरी पाठवला. सरकारातल्या काहींना त्याला कचेरीच्या कामावर बसवायचं होतं, राणीनंच जाऊ द्या म्हणून सांगितलं.

आणि ‘राजपुत्र’ तरी कुठं धड बसतो? हॅरी २०१२ मध्ये अफगाणिस्तानात अपाचे हेलिकॉप्टर घेऊन गेला तेव्हा राणीचा नातू होता. म्हणजे राजपौत्र. खालिद बिन सलमाननं सप्टेंबर २०१४ मध्ये एफ-१५ विमान घेऊन सीरियात आयसिसवर हल्ले केले तेव्हा त्याचे वडील राजे नव्हते, युवराज होते. ते गादीवर आले जानेवारी २०१५ मध्ये. म्हणजे हा त्या दिवशी युवराजपुत्र. शब्दाला शब्द लावायचा तर या तिघांत अँड्र्यू सोडून त्या त्या वेळी एकही राजपुत्र नव्हता.

शब्दखोड:
उंबरठाताई, या हिशेबानं राजपुत्र बापाच्या राज्याभिषेकापर्यंत बिननावाचा फिरणार. ‘राजपुत्र’ हा दर्जा आहे, जन्मदाखला नव्हे.

उंबरठा:
मग पुढचं सोडवा. स्पेनची लिओनोर २०२५ मध्ये सान हाविएरच्या हवाई अकादमीत दाखल झाली. आधी भूदलाची, मग नौदलाची अकादमी करून. ती गादीची वारस आहे. ‘राजकन्या’ म्हटलं की नुसती मुलगी होते. ‘युवराज्ञी’ म्हटलं तर लोक युवराजाची बायको समजतात. जॉर्डनची सलमा २०२० मध्ये लष्करी वैमानिक झाली, ती खुशाल राजकन्या, तिला वारसा नाही. पण लिओनोरला काय म्हणायचं?

पागेदार:
युवराजच म्हणा. महापौर बाई असली तरी महापौरच ना.

इमानवाली:
माझी आजी विमानाला शेवटपर्यंत ‘इमान’ म्हणायची. तुकोबांना न्यायला आलं तेही इमान आणि मामा दुबईला गेला तेही इमान. त्यामुळे वैमानिक हा शब्द तिला कळलाच नसता. ‘इमान हाकणारा’ म्हणाली असती.

मोडीवाचक:
आजींचं चुकत नव्हतं. ‘वैमानिक’ हा मुळात चालवणाऱ्याचा शब्दच नाही. जैन ग्रंथांत वैमानिक देव असतात, विमानांत राहणारे. ते विमान हाकत नाहीत, त्यात वस्ती करतात. आणि दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या शिखरालाही विमान म्हणतात. तेव्हा ‘हेलिकॉप्टर म्हणजे विमान नव्हे’ असं म्हणणाऱ्या संपादकांना विचारा, मग दगडी शिखर कसं काय विमान?

तळटीप:
छान माहिती, पण संपादकांना दगडी शिखर दाखवून माझं शीर्षक टिकायचं नाही. हेलिकॉप्टर उडवणाऱ्याला नेमकं काय म्हणू? ‘हेलिकॉप्टरचालक’ लिहिलं की मीटर टाकून निघाल्यासारखं वाटतं.

सातारी:
मला तिसराच शब्द खुपतोय. ‘सेवा बजावली’. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. अपशिंगे गावाच्या तर नावापुढंच ‘मिलिटरी’ लागलंय. माझे आजोबा, चुलते, मोठा भाऊ सगळे गेले. घरात कुणी कधी ‘सेवा बजावली’ म्हटलं नाही. ‘मिलिट्रीत नोकरीला हाय.’ एवढंच. मुलगी देताना तेच, बँकेत कर्ज मागताना तेच. राजवाड्यातला गेला की मात्र ती सेवा होते. तो विमान उडवो नाहीतर तोफ ओढो, पगारपत्रकावर सही करतो ना? मग नोकरी लिहा.

उंबरठा:
सातारी, फरक आहे हो. तुमच्या भावाला वरिष्ठांनी धाडलं तिथं जावं लागलं. हॅरीची २००७ मध्ये इराकला जाणारी नेमणूक ब्रिटिश लष्करप्रमुख जनरल डॅनट यांनी रद्द केली, कारण त्याच्यामुळे त्याच्या तुकडीवरचाच धोका वाढत होता. ‘मला नको’ असं तो म्हणाला नव्हता, उलट जायचं म्हणून हटून बसला होता.

सातारी:
म्हणूनच म्हणतो. आमच्याकडच्याला धोका आहे म्हणून कुणी थांबवलाय का? आणि राजपुत्र तिथं गेला की शत्रूला केवढं मोठं सावज. शेजारी बसलेल्या शिपायाचा यात काय गुन्हा? त्याचं नाव पेपरात येणार नाही, पण गोळी त्यालाही लागणार.

वास्कोकर:
त्यावर ब्रिटिशांनी काढलेला तोडगा म्हणजेच हेलिकॉप्टर. २००७-०८ मध्ये हॅरी अफगाणिस्तानात हेल्मंदला जमिनीवर होता, विमानांना लक्ष्य दाखवून देण्याच्या कामावर. ब्रिटिश माध्यमांनी बातमी दाबून ठेवायचं कबूल केलं होतं, परदेशातून फुटली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत न्यावं लागलं. मग तो अपाचे शिकला. जमिनीवर तोंडावळा ओळखता येतो. आकाशात हेल्मेट घातलेला कोण आहे ते खालून कुणाला दिसणार? तिथं राजपुत्रामुळे दुसऱ्याचा धोका वाढत नाही, दोघांचा सारखाच राहतो. मला विचाराल तर राजघराण्यातल्या माणसानं लढायचंच असेल तर वैमानिक होण्याइतकं सोयीचं काम नाही. तळावर उतरल्यावर मात्र पुन्हा तो राजपुत्रच. सप्टेंबर २०१२ मध्ये तो कॅम्प बॅस्टियन या ब्रिटिश तळावर असताना तालिबाननं कुंपण तोडून हल्ला केला, दोन अमेरिकन मरीन मारले गेले, सहा हॅरियर विमानं जळाली.

शब्दखोड:
मुळात राजाच्या मुलानं पुढं होऊन लढू नये हे आपल्याला शिकवायला इंग्लंड कशाला हवं? १४ जानेवारी १७६१. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला. ‘विश्वास तर गेला पानिपतात’ हे आपण अजून म्हणतो.

पागेदार:
विश्वासराव राजाचे नव्हे, पेशव्यांचे चिरंजीव. राजा साताऱ्याला बसला होता. प्रधानाच्या मुलाला राजपुत्र म्हणायची सवय मोडा आधी.

शब्दखोड:
साताऱ्याचा राजा काय करत होता ते आपण दोघंही जाणतो. उगाच कागद काढायला लावू नका.

सातारी:
साताऱ्याला मध्ये आणू नका राव. आपण सी किंगवर होतो.

मोडीवाचक:
मी पानिपतात न शिरता घोडदळातले दोन शब्द देतो, तळटीपताईंना उपयोग होईल. शिलेदार आणि बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला यायचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. हॅरीची अपाचे सरकारी, म्हणजे तो निव्वळ बारगीर. सातारींच्या ‘नोकरी’लाही हे धरून आहे. गंमत अशी की आपले संस्थानिक याच्या उलटे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव होतं आणि १५२ ला ‘हैदराबाद’. गायकवाडांनी आणि निजामानं पैसे दिले म्हणून. घोडा यांचा, बसणारा दुसराच. याला शिलेदार म्हणणार की बारगीर? जुन्या फौजेत असा प्रकारच नव्हता.

पागेदार:
सावकार.

इमानवाली:
शिलेदार म्हणजे आता ‘साहेबांचे शिलेदार’. स्वतःचा घोडा सोडा, स्वतःचं तिकीटही नसतं.

वास्कोकर:
अवांतर: चार्ल्सही हेलोवाला. ८४५ स्क्वाड्रनमध्ये असताना तो हर्मीस जहाजावरून उडायचा. तीच हर्मीस फॉकलंडला ब्रिटिश ताफ्याची प्रमुख होती, आणि १९८७ मध्ये आपण घेतल्यावर ‘विराट’ झाली. २०१७ पर्यंत आपल्या नौदलात होती. मुंबईत असायची तेव्हा गेटवेवरून कुठं लांब धूसर दिसली तरी लोक एकमेकांना बोटानं दाखवायचे. ज्या डेकवरून इंग्लंडचा आजचा राजा उडाला तिथं आमच्या पोरांनी क्रिकेट खेळलंय.

तळटीप:
काका, हे मी लेखात टीप म्हणून घालते. पण प्रश्न अजून तिथंच आहे हो. आणि आता नवा. अपाचेत पुढच्या सीटवर बसणारा सहवैमानिक असतो आणि तोफ, क्षेपणास्त्रं त्याच्याच हाती असतात. हॅरीचं काम तेच होतं. त्याला ‘सहवैमानिक-गोलंदाज’ लिहू का?

शब्दखोड:
नको! वाचक विचारतील, स्पिन की मध्यमगती?

मोडीवाचक:
क्रिकेटवाल्यांनी तो शब्द तोफखान्यातून उचलला, परत मागायला आपल्याला लाज कसली? गोल-अंदाज, गोळा फेकणारा. तीरंदाजातला ‘अंदाज’ तोच. अपाचेवर ३० मिमीची तोफच आहे, त्यामुळे गोलंदाज अगदी मापात बसतो.

पागेदार:
फारसी चालेल पण इंग्रजी नको, हा कुठला शुद्धतेचा नियम? ‘गनर’ लिहा, खेड्यातल्या पोरालाही कळतं.

मोडीवाचक:
फारसी तीन-चारशे वर्षं आपल्या घरात जेवतेय. आणि गोलंदाज नको असेल तर बरकंदाज घ्या. बर्क म्हणजे वीज. वीज फेकणारा. मुळात बंदूकवाल्या शिपायाला म्हणत.

सातारी:
बरकंदाज कचेरीत टपाल नेणाऱ्या शिपायालाही म्हणायचे ना? आजोबांच्या बोलण्यात तो शब्द यायचा, पण बंदुकीशी त्याचा काही संबंध नसायचा.

मोडीवाचक:
हो, नंतर तसाच घसरला. जमादाराचंही तेच झालं, हवालदाराचंही थोडंफार. पण बरकंदाजाचा क्रम वेगळा आहे, जेवून येऊन सविस्तर लिहितो.