फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची यादी एका दमात कशी काढायची?

नौपाडेकर:
नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली जुनी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये, मी सेक्रेटरी. कपाटातले सगळे कागद स्कॅन केले, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर केल्याचा दस्त), प्रॉपर्टी कार्ड, शेअर सर्टिफिकिटं, सभांची इतिवृत्तं, सगळं फोल्डरात फोल्डर करून ठेवलंय आणि आता वकील म्हणतात यादी द्या. २००० च्या वर फायली आहेत हो! दोन रात्री बसून एकेक नाव एक्सेलमध्ये टाइप केलं, दीडशेच्या पुढे डोळे चालेनात. विंडोज १० आहे. एखादी छोटी स्क्रिप्ट असेल तर सांगा. कागद सभासदांचे आहेत त्यामुळे बाहेर कुठे अपलोड करायचं नाहीये.

कोपरखैरणे_सेक्टर:
सगळ्या फायली सिलेक्ट करा, शिफ्ट दाबून राइट क्लिक, कॉपी ॲज पाथ, एक्सेलमध्ये पेस्ट. फक्त आतल्या फोल्डरांमधलं येणार नाही.

ऐरोलीची_सीमा:
काका, बाहेरचं काहीच लागत नाही. तो मोठा फोल्डर उघडा, वर पत्ता दिसतो त्या पट्टीत सीएमडी लिहून एंटर मारा, काळी विंडो त्याच फोल्डरात उघडेल. तिथे टाइप करा (अक्षरं इंग्रजीत बरं का):
डीआयआर /बी /एस > यादी.टीएक्सटी
बी म्हणजे नुसती नावं, एस म्हणजे आतले फोल्डरपण. यादीची फाइल स्वतःपण यादीत येते, तेवढी ओळ काढून टाका.

नौपाडेकर:
सीमाताई, दोन सेकंदात आली! पण ज्या फायलींना मराठी नावं दिली होती तिथे नुसती प्रश्नचिन्हं आलीत.

ऐरोलीची_सीमा:
हो, ती काळी विंडो जुनं कोड पेज, म्हणजे अक्षरांचा जुना संच, धरून बसते, त्यात मराठी नाही. त्यापेक्षा पॉवरशेल घ्या. पट्टीत सीएमडीच्या जागी पॉवरशेल लिहा आणि हे सगळं एकाच ओळीत:
गेट-चाइल्डआयटम -रिकर्स -फाइल | सिलेक्ट-ऑब्जेक्ट फुलनेम, लेंग्थ, लास्टराइटटाइम | एक्सपोर्ट-सीएसव्ही यादी.सीएसव्ही -नोटाइपइन्फर्मेशन -एन्कोडिंग यूटीएफ८
शेवटचं एन्कोडिंग विसरू नका, मराठी त्याच्यामुळेच टिकतं. थेट टाइपच करा, स्क्रिप्टची फाइल बनवून चालवायला गेलात की विंडोज अडवतं. लेंग्थ म्हणजे साइज, बाइटमध्ये येते.

कळवा_नाका:
एक सांगतो, वकिलांना देताना ती लास्टराइटटाइमची तारीख तशीच देऊ नका. ती स्कॅन केल्याची किंवा फाइल नंतर बदलल्याची तारीख आहे, कागदाची नाही, आणि कोणीतरी तीच खरी धरून चालेल. कागदाची तारीख वेगळ्या कॉलममध्ये हातानेच भरावी लागेल, त्याला इलाज नाही. पुढच्या वेळी फाइलच्या नावातच आधी वर्ष, मग महिना, मग दिवस टाका, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

नौपाडेकर:
मराठी नावं व्यवस्थित आली, मनापासून आभार सगळ्यांचे. साइजप्रमाणे लावलं तर कन्व्हेयन्स तीन वेगवेगळ्या नावांनी पडलंय, साइज बाइटपर्यंत तीच.

ऐरोलीची_सीमा:
तिन्ही उघडून बघा हं काका, तोपर्यंत डिलीट करू नका.

नौपाडेकर:
बघितल्या, एकच कागद आहे. पण दुसरंच एक सापडलं. फ्लॅट ३२ आणि शेअर सर्टिफिकिटं ३१, १४ नंबरचं स्कॅनच झालेलं नाही आणि इतके दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही. आजी तिथे एकट्याच राहतात. उद्या सकाळी जाऊन मूळ प्रत बघून येतो.